शेपटीखालचा टेकू

बैलगाडी भरणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढचा भाग वर उचलला जातो आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढं जास्त झाला की जू मानेत रुततं. मी चौथी नापास. पण हे मला आठव्या वर्षी येत होतं आणि एवढ्याच विद्येवर मी फौजेत पंधरा वर्षं काढली.

तिथं मला विमानात माल भरायच्या तुकडीत घातलं. सुरुवातीला डाकोटा होतं. ते जमिनीवर शेपूट टेकून बसायचं, कुत्रं बसतं तसं. दार बगलेला, आत शिरलं की चढ. पाठीवर पोतं घेऊन आम्ही विमानातल्या विमानात डोंगर चढायचो. मग पॅकेट नावाचं दोन शेपट्यांचं विमान बघितलं. उंचावर त्याला दम लागायचा, म्हणून आपल्या लोकांनी त्याच्या पाठीवर एक जादा इंजिन बसवलं होतं. आणि मग चंदीगडला रशियाचं एएन-बारा आलं. आम्ही त्याला नुसतं बारा म्हणायचो.

बाराला पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हे कुण्या गाडीवानाच्या डोक्यातून निघालंय. पंख वर, पाठीवर. म्हणून पोट खाली, जमिनीजवळ. आतली फळी ट्रकच्या फळीला लागायची. चाकं पोटाच्या बगलेत, मालाच्या जागेत त्यांची लुडबूड नाही. चार इंजिनं. नाक काचेचं, तिथं वाट सांगणारा बसायचा. शेपटीच्या टोकाला बंदूकवाल्याची कोठडी. मागची दारं आत वर उचलली जायची आणि अख्खी जीप पोटात शिरायची. छताला सरकती यारी होती, जड पेट्या ती उचलायची. लाड मात्र कुणाचे नाहीत. कोंडलेली हवा पुढं बसणाऱ्यांपुरती, मालाजवळच्या माणसानं उंचावर श्वासासाठी नाकाला नळी लावायची. ते कच्च्या रानात उतरायसाठीच बनवलेलं होतं. माझ्या शेवटच्या वर्षी लढाई लागली तेव्हा त्याच दारातून बॉम्ब ढकलायची सोय केली. माल वाहणाऱ्या जनावराला शिंगं लावली म्हणा.

बारात माल भरताना मागं शेपटीखाली टेकू लावावा लागायचा. एकदा एका नव्या साहेबानं घाईत टेकू काढायला लावला. मी म्हणालो, "साब, गाडी उलटेगी." साहेब म्हणाला, "ये बैलगाडी नहीं है." मी हातातली पेटी खाली ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. दुसऱ्यांनी दोन पेट्या आत ढकलल्या तसं बाराचं नाक हललं, पुढचं चाक उचलायला लागलं. साहेब पांढरा पडला. त्या दिवसापासून माल कुठं ठेवायचा हे मला विचारूनच ठरायचं. हे मी फुशारकीनं सांगतोय, आणि सांगणारच.

पेन्शन घेऊन नांदेडला रेल्वेतून उतरलो तो मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर. आमचं गाव रेणापूर आणि चाकूरच्या मधलं. विहिरी कोरड्या, जनावरांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. माझी नोकरी होती तोवर माझी बायको-पोरं थोरल्या भावानंच सांभाळली. त्याला आम्ही आप्पा म्हणायचो. रोज संध्याकाळी मंदिराच्या पारावर तो मला बसवायचा आणि लोकांपुढं म्हणायचा, "सांग की रे त्या बाराचं. जीप कशी चढवत होता?" मी मातीत काडीनं विमान काढायचो. कुणी उठायला लागलं की आप्पा त्याला खाली ओढायचा. "बस बे, टेकूचं ऐकून जा."

बायको माझी नायगावकडची, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "तुमचं इमान तुमच्या डोक्यातच उतरतंय. आप्पांला काय एवढी गोडी लागली त्याची?" मी तिला गप्प केलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात माझं बोलणं एवढं मन लावून ऐकणारा दुसरा माणूस नव्हता.

मग दुष्काळी काम काढायला ओव्हरसियर आला. नकाशात ओढ्यावर तळं होतं. त्या तळ्यात आमचं ओढ्याकाठचं वावर जाणार होतं, आप्पाचं आणि माझं, न वाटलेलं. सभेत आप्पा उठला. "तळं पाऊस पडल्यावर भरंल. जनावरं तवर ऱ्हातेत का? माळ सपाट करू. इमान चारा घेऊन येईल. माझा भाऊ हाय, इचारा त्याला."

आणि मी बोललो. खेचरांसाठी दाबलेल्या गवताच्या गाठी मी स्वतः बारात भरल्या होत्या. डोंगरातल्या कच्च्या मैदानावर ते उतरतं हे मला माहीत होतं. यात एक शब्द खोटा नव्हता. लोकांनी माझं ऐकलं. ओव्हरसियरनं टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "तुमची मर्जी. हाताला काम मिळाल्याशी मतलब."

मी पावलं टाकून विमान उतरायच्या पट्टीची लांबी मोजली. बायांनी दगड वेचले, खडी फोडली. बैलांत जीव नव्हता, म्हणून दगडी रूळ माणसांनी ओढला, त्यात मीही. दुपारी सुकडी खायची आणि परत रूळ धरायचा. चुन्याच्या रेघा मी मारल्या. विमानाला वारा कळावा म्हणून ओल्या लिंबाच्या पाल्याचा धूर करून ठेवायचो. विमान मागायची दरखास्त एका मास्तराकडून लिहून घेतली होती, ती कचेरीत द्यायला आप्पाच घेऊन गेला.

कुणी आलं नाही. एकदा लई उंचावरून एक विमान गेलं, सगळ्या बायांनी पदर हलवले. शेजारची म्हातारी, जिनं चार महिने खडी फोडली, तिची शेवटची म्हैस पट्टीच्या कडेला मेली. ती मला म्हणाली, "बाबा, तुझं बारा का तेरा, त्याला सांग आता नगं येऊ." त्यानंतर गावात माझं नावच बारा पडलं. मी दहा वर्षं भांडत राहिलो की वरच्यांनी दरखास्त दाबली, विमानाचा दोष न्हाई. माळावर लोक तूर बडवायला लागले. खळं झकास झालं होतं. मी तिथं एक दाणा कधी बडवला नाही.

मग लातूर नवा जिल्हा झाला. पूर्वी कलेक्टर कचेरीला उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता साहेबलोकच गावात यायला लागले. त्यात तोच ओव्हरसियर आला, केस पिकलेला, काखेत तोच तळ्याचा नकाशा. पट्टीवर उभं राहून म्हणाला, "अजून कशी टणक हाय हो."

मी म्हणालो, "आमच्या दरखास्तीचं काय झालं होतं, साहेब?"

"कसली दरखास्त? माझ्याकडं काही आलं न्हाई." मग माझ्याकडं बघून तो थांबला. "तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय? मी पहिल्याच दिवशी तुमच्या आप्पाला सांगितलं होतं, इथं असलं विमान-बिमान येत नसतं. तो म्हणाला, त्याला सांगू नका. त्याला बोलू द्या. त्यो बोलला तरच लोक ऐकतेत."

चुन्याची रेघ जिथं होती तिथं पायानं माती उकरत बसलो.

संध्याकाळी आप्पा घरी आला. पानाची चंची काढली, मलाही पान दिलं. "उद्या परत सभा हाय तळ्याची. तू जरा इमानाचं सांग. नवा जिल्हा हाय, आता येईल बी."

मी पान हातात धरून ठेवलं. "सांगतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सभेत उभा राहिलो. मागून कुणीतरी हाळी दिली, "बारा उतरलं!" सगळे हसले. मी म्हणालो, "बारा आपल्याकडं कधीच येणार नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, पण आप्पाला ठाऊक होतं. तळ्यात आमचं वावर जातंय म्हणून त्यानं मला बोलायला लावलं. तळं करा. माझी हरकत न्हाई."

कुणी हसलं नाही. खडी फोडणारी म्हातारी तेव्हा वारली होती, तिची सून पदर तोंडाशी धरून माझ्याकडं बघत होती. आप्पा खाली मान घालून म्हणाला, "तू तिकडं इमानं भरत होतास, तवा तुझी लेकरं कुठल्या वावराचं खात होती?" हे खरं होतं.

तळं झालं. पाणी चढायच्या आधी आप्पानं वाटणी मागितली आणि बुडणारा सगळा तुकडा माझ्या वाट्याला टाकला. मी भांडलो नाही. कागदावर सही केली. पुढं कित्येक वर्षं एका भिंतीआड राहून आम्ही बोललो नाही. मला वावराचं तेवढं दुःख नव्हतं. मला एकच खात होतं. पारावर तो मला "सांग की रे" म्हणायचा, त्यातलं त्याच्या कानात काही गेलं होतं की नुसता मला बोलता ठेवत होता?

तो अंथरुणाला खिळला तेव्हा वहिनीनं बोलावलं म्हणून गेलो. उशाशी बसलो. शेवटी विचारलं, "आप्पा, बाराच्या शेपटीखाली टेकू कशाला लावतेत?"

त्यानं डोळे उघडले.

"उलाळ होऊ नये म्हणून," तो म्हणाला. "आन् तू पेटी खाली ठिवलीस. साहेब पांढरा पडला."

म्हणजे ऐकत होता. शब्दन् शब्द ऐकत होता, आणि तरी त्यानं ते केलं. मी त्याच्या अंगावरची वाकळ सारखी केली आणि तळ्याकडून वळसा घालून घरी आलो.