सगळ्या मिळून समजूत घालत होत्या

मंडळी, आजचीच गोष्ट. दुपारी बरकतपुऱ्यातल्या शाळेतून फोन आला, "अम्मा, मीराला घेऊन जा. उद्यापासून पाठवू नका, आम्हाला जमत नाही."

मीरा माझी नात, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. पोचले तर ती कान दाबून भिंतीवर डोकं आपटत होती. भोवती वर्गाच्या बाई इंग्रजीत, आया तेलुगूत, मदतनीस हिंदीत, सगळ्या एकदम समजावत होत्या.

म्हटलं, "जरा गप्प बसा गं. इतके आवाज तिला सोसत नाहीत."

बाई म्हणाल्या, "प्रेमानंच बोलतोय, अम्मा."

"ठाऊक आहे. तिला तोही गोंगाटच."

बाई मुकाट्यानं जमिनीवर बसल्या. बऱ्याच वेळानं डोकं आपटणं थांबलं. मग मीरा सरकत बाईंजवळ आली.

बाई कुजबुजल्या, "उद्या पाठवा."

तुम्ही रडणाऱ्या लेकराजवळ नुसतं गप्प बसला आहात का कधी?