उत्तम वंशाचं पदक

कॅनडात, नॉर्थ यॉर्कला, आमच्या घराजवळ रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. गेल्या विंटरमध्ये लेकीला टेबललॅम्प हवा होता, म्हणून गेलो. एका टेबलावर ब्राँझचं पदक दिसलं. त्यावर आईबाप आणि बाळ, भोवती इंग्रजीत कोरलेलं: उत्तम वंशाचं कुटुंब.

"रेअर आहे," विक्रेता म्हणाला. "पूर्वी अमेरिकेत जत्रांमध्ये कुटुंबांची स्पर्धा असायची. डॉक्टर दात, डोकं, घराणं तपासायचे. जुन्या वस्तू जमवणारे असलं शोधत फिरतात."

"गाईबैलांसारखं?"

"त्यांची स्पर्धा शेजारच्याच मांडवात असायची," तो हसला.

"आई, दॅट्स क्रीपी. चल ना," लेक म्हणाली. मी हलले नाही. माझ्या वडिलांना शाळेत दाराबाहेर बसवत. त्यांचे दात कुणी तपासले नव्हते. जात विचारली, तेवढं पुरलं. मी पदक घेतलं.

आमच्या मंडळाच्या भीमजयंतीला मी दरवर्षी छोटं प्रदर्शन लावते. पदक पाहून मंडळातले एक ज्येष्ठ काका चिडले. "ताई, ही घाण आपल्या हॉलमध्ये? लोक आनंदाने येतात."

"काका, याच विचाराने आपल्याला गावाबाहेर ठेवलं. मी मांडणारच."

शेवटी कोपऱ्यातलं टेबल मिळालं. लेकीने माहितीचा कागद लिहिला: 'हीन' ठरवलेल्या माणसांना मुलं होऊ नयेत म्हणून याच देशात, काही प्रांतांत, कायद्याने ऑपरेशनं झाली.

आमच्या मजल्यावरच्या गोऱ्या आजींना मी जयंतीच्या जेवणाला बोलावलं होतं. त्या पदकाच्या टेबलापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"माझ्या मावशीचं हे ऑपरेशन केलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पश्चिमेकडच्या प्रांतातल्या एका संस्थेत, लहानपणी. अपेंडिक्स काढलं म्हणून सांगितलं. आम्हा भाचरांचे स्वेटर तीच विणायची. खरं तिला म्हातारपणी कळलं."

मी त्यांचा हात धरला. मग विचारलं, "हे मी लिहून इथे लावू का?"

"लाव. तिच्या नावासकट."

शेजारी ऐकत उभ्या असलेल्या काकांनीच कागद आणून दिला.

पुढे जवळच्या लायब्ररीने पदक महिनाभर मांडायला मागितलं. मावशीचा मजकूर मात्र त्यांना 'फार खाजगी' वाटला. मी म्हटलं, दोन्ही एकत्र, नाहीतर काहीच नाही. तीन ईमेल झाल्या. चौथीत त्यांनी होकार दिला, आणि आजींनी मावशीचा फोटो स्वतः नेऊन तिथे लावला.