कणकेचा गोळा अन् सागवानी कपाट

फरशी बसवायच्या आधी चाचा माझ्याकडं कणकेचा गोळा मागायचा. चाचा म्हंजे आमच्या औशातला फरशीचा मिस्त्री. पांढरी दाढी, दोन्ही गुडघ्याला पोत्याचे तुकडे बांधलेले. नवरा गेल्यावर मी त्याच्या हाताखाली बिगारी केली, लई वर्सं. ओली जमीन दिसली की चाचा तिच्यावर जर्मनचं, म्हंजे अल्युमिनियमचं, ताट पालथं घालायचा, कडंनं कणीक लिपायचा. दुसऱ्या दिवशी ताट उचललं अन् आतून थेंब दिसले की म्हणायचा, "आक्का, जमीन अजून रडून राहिली. तिचं रडणं पुरतं होऊ दे. मग फरशी."

जड सामानाचंबी तसंच. कपाटावर आधी टकटक करायचा. भरलेलं असलं तर हात लावायचा न्हाई. "भरलेलं कपाट बेइमान असतंय. कुणीकडं झुकंल, भरवसा न्हाई."

लातूरला एका कापडदुकानाचं तळघर होतं. भिंतीला खार, जुनी फरशी उचकटलेली, कुबट वास. तिथं सागवानी कपाट, साड्यांनी गच्च. चाचा म्हणला, "रिकामं करा." शेट म्हणला, "तुमचे हात लागले तर साड्यांचे डाग कोण काढंल?" चाचा ऐकंना. मग चाचा कपाटाखाली घालून सरकवायला पाइपाचे तुकडे आणायला वर गेला, तेवढ्यात शेटनं मला अन् दोन हमालांना दरडावून कपाट ढकलायला लावलं. ते झुकलं अन् माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आलं. शेटनं आधी कपाटाचा पाय बघितला, ओरखडा पडला का म्हणून. मग म्हणला, "धांदरट कुठली!"

मी रडले न्हाई. चाचानं डोक्याचा रुमाल सोडून माझा अंगठा बांधला. दवाखान्याच्या वाटंनं एवढंच बोलला, "आक्का, हे कपाट त्याच्या हातानं रिकामं करवतो. बघशील तू."

तळघरात चाचानं लिपून ठेवलेलं ताट दुसऱ्या सकाळी उचललं तर आत पाणीच पाणी. चाचानं ते दुकानातल्या माणसांसमोर शेटच्या नाकापुढं धरलं. "महिनाभर वाळू द्या. न्हाईतर फरशी फुगंल." शेट हसला. "पोळ्या लाटायला आलास का फरशी बसवायला? बसव!" चाचानं तीनदा सांगितलं, मग बसवली. एक सांधा वाकडा न्हाई.

मी म्हणलं, "चाचा, तुमाला तर ठाऊक हाय."

"मला ठाऊक हाय, त्यालाबी सांगितलं. आता जमीन सांगंल."

श्रावणात फरशा फुगून उठल्या, खालच्या कप्प्यातल्या साड्यांना बुरशी. शेट मिस्त्री हुडकत फिरला, एकबी तयार होईना. चाचानं टपरीवर चहा पिता पिता सगळ्यांना माझ्या अंगठ्याचं सांगून ठेवलं होतं. शेवटी शेटच औशाला आला. चाचा खाटेवरून उठला न्हाई.

"येतो. पण कपाट तुमी अन् तुमचे लेक रिकामं करनार. तुमीच ढकलनार. अन् आमची आक्का खुर्चीवर बसून बघनार."

मी बसले. त्या तळघरात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पायावर पाय टाकून. शेट घामाघूम, बुरशीचे गठ्ठे छातीशी धरून जिना चढत होता. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कपाट हललं तसं मी म्हणलं, "हळू शेटजी, अंगठा सांभाळा." चाचानं भिंतीकडं तोंड केलं. दाढी हालून राहिली होती.

मग महिनाभर जमीन वाळली. ताट कोरडं निघालं तवाच चाचानं फरशी बसवली. ती अजून तशीच हाय.

औंदा चाचा गेला. भेटायला माणसं आली, त्यात शेटबी आला. ओसरीवर मला बघून हात जोडले. "आक्का, लई दिवस झाले. आता तरी विसरा."

अंगठा त्या दिवशी ठणकतच होता. मी म्हणलं, "शेटजी, बसा. पाणी प्या. पण माझी जमीन अजून वाळली न्हाई."