गरम इंजिनावर दिलेला ओके

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेत होती, उंचावर, बर्फात. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. युनिटच्या बावीस गाड्या माझ्या आणि दोन जवानांच्या गळ्यात. ०६:०० ला गाड्या स्टार्ट, ०६:३० ला पहिली डिटेल, म्हणजे ड्यूटीवरच्या गाड्या, बाहेर. संध्याकाळी ड्रायव्हर तक्रारी सांगायचे, मी बघायचो आणि लॉगबुकात सही करायचो. आता गावी, औशात, लोक विचारतात, फौजेत काय केलं? मी सांगतो, नटबोल्ट आवळले. त्यांचा हिरमोड होतो. त्याला माझा इलाज नाही.

युनिटमध्ये मराठवाड्याचे आम्ही दोघंच. दुसरा देगलूरचा नायक गंगाधर, ड्रायव्हर. एका संध्याकाळी १७:१० ला त्यानं जुनी जीप माझ्यासमोर आणून उभी केली.

"माणिक, सकाळी लई टकटक करून राहिली ही."

"आत्ता?"

"आत्ता न्हाई."

मी बॉनेट उघडलं. इंजिन तापलेलं होतं. दोन मिनिटं कान देऊन ऐकलं, आवाज नव्हता. पहाटे चारपासून उभा होतो, बोटं गारठली होती, जीव नुसता कंटाळला होता. म्हटलं, टॅपेट असेल, इंजिनातला बारका भाग, थंडीत वाजतो. लॉगबुकात लिहिलं, चेक्ड, ओके. खाली सही.

दुसऱ्या दिवशी ०६:४० ला गंगाधर पुढच्या पोस्टवर साहेबांना आणायला निघाला. वाटेत बर्फानं रस्ता बंद होता. रस्ता मोकळा होईपर्यंत तो काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून जीपमध्ये बसून राहिला. ०८:१५ ला गस्तीच्या तुकडीचा रेडिओवर निरोप आला.

"ड्रायव्हर बेशुद्ध. ओव्हर."

"गाडीबाहेर काढा. ओव्हर."

"काढलाय. श्वास नाही. ओव्हर."

इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडतो, त्या ओतीव पाइपाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. तो आणि इंजिन यांच्यामध्ये गॅस्केट असतं. ते फाटलं की थंड इंजिनात फट उघडी राहते आणि टकटक ऐकू येते. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज जातो. म्हणून संध्याकाळी मला काही ऐकू आलं नव्हतं. बर्फात उभ्या गाडीचं इंजिन पुरतं तापलंच नाही. धूर हीटरमधून आत येत राहिला. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

चौकशीत गाडी जुनी होती असं निघालं. माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. गंगाधरला घेऊन देगलूरला मीच आलो. त्याच्या बायकोला, वहिनींना, सांगितलं, थंडीनं गेला. त्यांची मुलगी वैशाली तेव्हा चार वर्षांची होती.

या हिवाळ्यात वहिनींचा फोन आला. वैशाली आता नायगावला शाळेत शिक्षिका आहे, जुनी कार घेऊन रोज जाते-येते.

"भावजी, गाडी सकाळी टकटक करते. हितला मिस्तरी म्हणतो टॅपेट हाय. पोरीचं डोकं रोज दुखून राहिलं. येता का?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पान्यांची पिशवी घेऊन निघालो. औसा, लातूर, उदगीर, देगलूर. एसटीनं हाडं खिळखिळी केली. पोचलो, तेव्हा वैशाली नुकतीच नायगावहून आली होती. गाडी गरम. आवाज नाही.

"काका, आता तर वाजत न्हाई. उद्या सहाला आईला घेऊन माहूरला निघायचंय."

"निघायचं न्हाई."

"पण ऐका तरी, आवाज गेलाय."

"सकाळी बघू. चावी इकडं दे."

पोरगी फुगून आत गेली. चावी मी खिशात ठेवली.

०६:३० ला वैशालीला स्टार्टर मारायला बसवलं, काचा सगळ्या खाली. पहिल्याच फेऱ्याला टकटक आली. मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं, शेवटच्या सिलिंडरपाशी बुडबुडे आले. तिथं काजळीही धरली होती. इंजिन बंद करायला सांगितलं आणि पान्यांची पिशवी उघडली.

दिवस त्यातच गेला. मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या स्टडना तेल पाजून तासभर थांबलो. एक तरीही तुटला, तो काढता काढता दुपार झाली. दोन्ही बाजू खरवडून साफ केल्या, पट्टी लावून सपाट आहेत ना ते पाहिलं, नवीन गॅस्केट बसवलं. नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत नेले. इंजिन तापवलं, पुरतं थंड होऊ दिलं, पुन्हा आवळले. मग थंड इंजिन स्टार्ट केलं. आवाज नाही, बुडबुडा नाही.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. हात पुसत मी त्यांच्यासमोर गेलो.

"वहिनी, गंगाधर थंडीनं गेला न्हाई. गाडीच्या धुरानं गेला. आदल्या दिवशी त्यानं जीप मला दाखवली होती. मी गरम इंजिन बघून ओके दिला."

"ठाव हाय मला."

हात पुसायचं फडकं मी पायरीवर ठेवलं.

"कागद आले त्यात धूर लिहिला होता. आन् आदल्या दिवशी ह्यांचा फोन होता. म्हणले, गाडी टकटक करते, पण माणिकनं बघितली, आता काळजी न्हाई."

"इतकी वर्षं बोलला न्हाईत."

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. लई राग होता, भावजी. अजून हाय. पण पोरीचं डोकं दुखाया लागलं, तवा वाट बघणं सोडलं. हितले मिस्तरी गरम गाडी बघून जातात. तुम्ही न्हाई जाणार, एवढं माहीत होतं."

त्या रात्री मी देगलूरलाच राहिलो. सकाळी वैशालीनं गाडी काढली. थंड इंजिन, आवाज नाही. मायलेकी माहूरला गेल्या. मी बसस्टँडवर आलो आणि औशापर्यंत खिडकी उघडी ठेवून बसलो.

नायक गंगाधर चौतीस वर्षांचा होता. त्यानं तक्रार वेळेवर आणि बरोबर केली होती.