ओहोटी कापायची नाही

"काकू, आई गेली..." फरीदाबादहून सुलभाच्या केतकीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. रडू नंतर आलं, आधी रागच आला. रविवारी मला जेवायला बोलावून ही बाई अशी निघून कशी गेली?

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये सुलभा आणि मी वीस वर्षं शेजारी होतो; निवृत्तीनंतर ती फरीदाबादला केतकीकडे राहायला गेली. ती रत्नागिरीकडची. दिल्लीत समुद्र नाही, हे तिने कधी मान्यच केलं नाही. ऑफिसातून आली की चहाआधी चित्राच्या कोळशाची कांडी हातात. उजवा अंगठा कायम काळा, त्याचे ठसे फायलींवरही उमटायचे. एकदा शाळकरी केतकीने विचारलं, "आई, ओहोटी म्हणजे?" सुलभाने समजावलं नाही. कागद ओढला आणि किनाऱ्यावरचा कुरव पक्षी काढला... वाऱ्याकडे तोंड करून उभा, चोच इतकी दाबून काढलेली की कांडीच मोडली. डोळा म्हणजे कोरा सोडलेला ठिपका. पायांखाली मात्र अर्धा कागदभर, अंगठ्याने ओढलेली राखाडी ओल. पाणी नुकतंच मागे गेलंय, हे बघताक्षणी कळायचं. मला तो पक्षी हट्टी वाटायचा, थेट तिच्यासारखा.

ती गेल्यावर महिन्याभराने केतकी आणि मी ते चित्र फ्रेम करायला करोल बागेत नेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नीचे से गंदा हो गया है। काट दूँ?"

"बिल्कुल," केतकी म्हणाली. "काकू, तसंही खाली सगळं खालीच आहे."

दिल्लीत वाढलेली मुलं रिकाम्याला खाली म्हणतात, एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी दुकानदाराच्या हातातली पट्टीच धरली. सुलभाच्या कागदाला कात्री लागू द्यायची नाही, बस्स.

"रिकामं नाही गं ते. ती ओहोटी आहे. तूच विचारलं होतंस."

"मी?"

ती कागदावर वाकली. मग दुकानदाराला म्हणाली, "भैया, काटना नहीं। ये ओहोटी है।"

"वो क्या होती है?"

हिंदी शब्द तिला आठवेना. "पानी जहाँ से अभी-अभी गया है," ती म्हणाली.

परवाच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले. चित्र सुलभाच्या खुर्चीसमोर लावलंय, अख्खं. खालच्या कोपऱ्यात तिचा अंगठा स्पष्ट उमटलाय. काच पुसताना केतकीचा हात तिथे जरा थांबतो.