अबोल्यातला केक

आमच्या सासरी भांडणं होत नसत, अबोले होत. भांडायला आवाज लागतो, आणि रत्नागिरीत दुपारी शेजारची माणसं झोपलेली असली तरी त्यांचे कान जागे असतात. तेव्हा रागावलेल्या माणसाने गप्प बसायचं, ही आमच्याकडची सभ्य रीत. मी पुण्याची. आमच्या माहेरी भांडण तोंडावर व्हायचं आणि संध्याकाळच्या चहाला संपायचं. अबोला मला इथे येऊन शिकावा लागला. पण एकदा शिकल्यावर मी त्यात कुणाला हार गेले नाही.

मोठ्या जाऊबाईंशी माझा अबोला झाला तो लोणच्यावरून. कैरीच्या नव्या लोणच्याच्या बरणीत कुणीतरी ओला चमचा घातला आणि बुरशी धरली. त्या म्हणाल्या मी, मी म्हटलं त्या. खरं कोण ते आजवर कळलेलं नाही; मी नव्हते, एवढं मात्र छातीठोक सांगेन.

त्या दिवसापासून आमचं बोलणं सासूबाईंमार्फत चाले. सासूबाईंना या कामात भलताच रस. जाऊबाई ओटीवर भाजी निवडत असत आणि तिथूनच म्हणत, "तिला सांगा हो, दूध उतू जातंय." मग सासूबाई गुडघे सांभाळत स्वयंपाकघरात येत आणि म्हणत, "ती म्हणत्ये, दूध उतू जातंय." तोवर दूध गेलेलं असे. मीही कमी नव्हते. "त्यांना सांगा, कळलं," असं म्हणून मी शेगडी पुसायला घेई. निरोप नेताना सासूबाई त्याला जराशी फोडणीही देत, असा मला दाट संशय होता.

हे सगळं हसून काढता आलं असतं, पण त्याच मे महिन्यात थोरल्या दिरांची, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांची, नागपूरला बदली झाली. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती, घरात मोबाइल आला होता. पण समोरासमोर न बोलणाऱ्या बायका फोनवर काय बोलणार? लेकीचा वाढदिवस करून तिसऱ्या दिवशी त्यांचं बिऱ्हाड निघायचं होतं. नागपूर म्हणजे काही हेदवी नव्हे, की सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत यावं. एवढ्या लांब गेलेला अबोला परत कोण आणणार? नवी असताना माझ्या बोलण्याला घरात सगळे हसत, तेव्हा एकट्या जाऊबाईंनी माझी बाजू घेतली होती. त्या न बोलताच गेल्या तर? पण आधी बोलायचं कुणी?

पुतणीला केकचं वचन मी लोणचं बिघडण्याआधीच देऊन बसले होते. तिला क्रीमचा केक नको होता, टीव्हीत दाखवतात तसला गुळगुळीत हवा होता. त्यासाठी फॉन्डंट लागतो, म्हणजे साखरेची जाड पोळी लाटून केकवर चादरीसारखी पांघरायची. मी पुण्याला सुट्टीत त्याचा क्लास केला होता. मार्शमेलो, म्हणजे ते साखरेचे कापसासारखे गोळे, नवऱ्याने मुंबईहून आणले. पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, हे सासूबाईंनी भिंग लावून पाहिलं. ते गोळे मी चमचाभर पाण्यासह गरम पाण्यावर वितळवले, पिठीसाखर घालून त्यांचा एकच मोठा गोळा मळला आणि मुंग्यांच्या धास्तीने फ्रिजमध्ये ठेवला.

वाढदिवसाच्या सकाळी केक भाजून ठेवला, पण दुपारी गोळा बाहेर काढला तर हातात जांभा दगड. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, घट्ट झाला तर काही सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. भारनियमनाबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे भर दुपारी वीज गेलेली आणि ती संध्याकाळशिवाय यायची नव्हती.

"ओल्या फडक्याखाली झाकून ठेव," सासूबाई झोपायला जाता जाता म्हणाल्या. "मोदकाच्या उकडीला नाही का ठेवत? चीर जात नाही." मी शहाणी, ठेवला. उकड ओलाव्याने मऊ राहते, साखरेचा पाक होतो, एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही. मी तर जाऊन आले होते. फडकं उचललं तेव्हा वर चिकट पाक, आत तोच दगड, आणि मळायला घातलेले माझे दोन्ही हात त्यात अडकलेले.

नेमक्या तेव्हाच जाऊबाई पाणी प्यायला आल्या. निरोप न्यायला सासूबाई जाग्या नव्हत्या. जाऊबाईंनी माझे हात पाहिले आणि माठाला सांगितलं, "काही माणसं फणस फोडायलासुद्धा कोरड्या हातांनी बसतील."

मी मिक्सरला म्हटलं, "काही माणसांना खोबरेल कुठे आहे ते ठाऊक असतं, पण देववत नाही."

त्यांनी बाटली आणली आणि फणसाच्या चिकाला लावतात तसं सढळ तेल माझ्या हातांवर ओतलं. पाक सुटला. आता दगडाचे तुकडे करून एकेक तळहाताच्या उबेने मळायचा, हे क्लासात शिकवलं होतं. पण एवढ्या तुकड्यांना दोन हात पुरणार नव्हते. मी सुरीने तुकडे पाडले. जाऊबाईंनी माझ्यासमोर पाट घेतला, हातांना तेल चोळलं आणि एक तुकडा उचलला. आम्ही मळत राहिलो. घाम येत होता, बांगड्या वाजत होत्या. हळूहळू तुकडे कानाच्या पाळीसारखे मऊ झाले. ते एकत्र करून मी गुलाबी रंग घातला आणि ओट्यावर पिठीसाखर भुरभुरून पोळी लाटली.

आणि इथे घोडं अडलं. एवढी मोठी पोळी चार हातांशिवाय उचलली जायची नाही, आणि चार हातांनी एकदम उचलायची तर कुणीतरी 'उचल' म्हणायला हवं. मी अलीकडची कड धरली, त्यांनी पलीकडची. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. मी काही म्हणणार नव्हते. पोळी उकाड्याने ओट्याला चिकटायला लागली.

"अगो, बघत्येस काय, उचल!"

मी उचलली.

"डावीकडे घे, डावीकडे!"

"वहिनी, ओढू नका, फाटेल."

"मी कुठे ओढत्ये? तूच ताणत्येस!"

फाटली, पण एकाच बाजूला. तिथे आम्ही गुलाबी फूल चिकटवलं. गुळगुळीत म्हणावा असा केक तो नव्हता. पाहुणे उठून गेल्यावर चादर दिसते तसा दिसत होता. पण मला तो फारच आवडला. आरडाओरड्याने जाग्या झालेल्या सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय झालं? कुणाला काय सांगू?" कुणीच काही सांगायला दिलं नाही तेव्हा त्या जरा हिरमुसल्याच.

मला हसू आवरेना. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. केकची जी बाजू नीट बसली होती तिच्यावरूनच त्या पुन्हा पुन्हा तळहात फिरवत होत्या.

"परवा जायचं," त्या म्हणाल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "अख्खा महिना फुकट घालवलास गो माझा."