टेबलावरचं लिपोव्का

आमचे शेजारी नोवाक यांच्या घरी जेवताना मीठ मागायची सोय नव्हती. मीठदाणी म्हणजे त्यांच्या गावाचं चर्च. पाहुणा बसला रे बसला की ताटांच्या आधी टेबलावर गाव यायचं. ब्रेड कापायची लांब फळी हा गावातला एकमेव रस्ता, सुरी हा ओढा, साखरेचं भांडं हे तळं, आणि फळीच्या दोन्ही बाजूंना ओळीनं मांडलेल्या काळ्या ब्रेडच्या चकत्या म्हणजे शेतं. "आल्झो, तर बघा, प्रत्येक घरामागे एक पट्टी, थेट जंगलापर्यंत," असं सांगत ते टेबलाच्या कडेपर्यंत बोट न्यायचे. गावाचं नाव लिपोव्का, पोलंडच्या पश्चिमेला. आम्ही ते जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये, आमच्या खालच्याच मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पाहिलं.

नोवाकांची सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात गेली. आम्ही राहायला आलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि बायको, हालिना, नुकतीच गेली होती. उंच, किंचित वाकलेला, घरातही टोपी घालणारा माणूस. एकटेपणाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, पण बटाटे मात्र कायम चारजणांचे उकडायचे आणि मग जिन्यातून आम्हाला हाका मारायचे.

एका शरद ऋतूत माझ्या सासूबाई वर्ध्याजवळच्या गावाहून आमच्याकडे आल्या. पहिल्याच जेवणात त्यांना बटाटे अळणी लागले आणि त्यांनी खुशाल मीठदाणी उचलली. "चर्च! चर्च!" नोवाक ओरडले. मी घाईघाईनं भानगड समजावली. मला वाटलं, आई हसतील किंवा रागावतील. त्यांनी मीठदाणी पुसून होती तिथे ठेवली, गाव नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बरं, पाणी कुठून येते म्हणावं त्यायच्या गावात?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. नोवाक असे खुलले की विचारू नका. ओढ्याकाठची जमीन चिभडाची, पाणी धरून बसणारी, तिथे नुसतं गवत. वरची रेताड, तिथे राय नावाचं धान्य आणि बटाटे. आईंनी त्यांना काळ्या मातीचं सांगितलं. मध्ये दुभाषी म्हणून मी, आणि माझं जेवण गार. त्या दिवसापासून ते 'नोवाकभाऊ' झाले.

लिपोव्का आधी जर्मन गाव होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकली आणि तिथल्या जर्मनांना घरंदारं सोडून जावं लागलं. तिकडे पूर्वेला नोवाकांच्या आईवडिलांचं गाव दुसऱ्याच देशात गेलं, म्हणून ते मालगाडीतून, गाय घेऊन, लिपोव्कात आले. रिकाम्या घरात शिरले तर चुलीवर कुणा दुसऱ्याच बाईचं पातेलं होतं. "पाटी बदलली, चिखल तोच," नोवाक म्हणायचे. बसचा नंबर बदलला तरी हेच वाक्य, आणि सरकार बदललं तरी हेच.

एक नोव्हेंबरला पोलंडमध्ये घरोघरचे लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. नोवाकांची आई चर्चमागच्या जुन्या जर्मन थडग्यांवरही लावायची. त्यांवरची नावं तिला वाचता येत नसत. ती म्हणायची, "यांचं इथे कुणी उरलं नाही. माझ्या आईच्या थडग्याजवळ तरी तिकडे कोण आहे? लावत असेल कुणीतरी."

हे त्यांनी आईंना असंच एकदा जेवताना सांगितलं. मग पोटातलं बाहेर आलं. लिपोव्कात बहीण एकटी होती, घर होतं, मागची पट्टी होती. परत जायचं म्हणून दर वर्षी ते सामान आवरायला काढायचे आणि पुन्हा कपाटात ठेवायचे. हालिना इथल्या दफनभूमीत होती. "मी गेलो, तर एक नोव्हेंबरला तिच्याजवळ अंधार."

मी भाषांतर केलं. आईंनी जराही विचार केला नाही. "तुमच्या मायनं परक्यायचे दिवे लावले न भाऊ? मंग तुमच्या बाईचा माही सून लावन. बिनघोर जा तुमी."

मला कुणी विचारलंच नाही, पण मी ते जर्मनमध्ये सांगितलं आणि शेवटी 'हो, लावीन' हे माझं जोडलं. नोवाकांनी स्वतःच्या हातानं चर्च उचललं आणि आईंच्या पुढे धरलं. "घ्या. बटाटे खरंच अळणी आहेत."

पुढच्या वसंतात ते लिपोव्काला परत गेले. बहिणीशी रोज भांडतात आणि मजेत आहेत.

गेल्या एक नोव्हेंबरला वर्ध्याहून सकाळीच आईंचा फोन आला, "दिवा आणला का?" वारा होता म्हणून मी लाल काचेचे दोन दिवे नेले होते. हालिनाचा पहिल्या काडीत लागला. शेजारच्या थडग्यावर पानांचा थर साचलेला, दगडावर शेवाळ. दुसरा दिवा मी तिथे लावून ठेवला आणि संध्याकाळी नोवाकांना फोटो पाठवला. लगेच त्यांचा फोन.

"दुसरा कुणाचा?"

"नाव वाचता आलं नाही," मी म्हटलं.

ते हळूच म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. माझ्या आईलाही यायचं नाही."